‘डॉट इन’चे बिऱ्हाड कोणाचे?

पापनाशम हे तंजावर आणि कुंभकोणम यांच्या मधले तालुक्याचे गाव. दिल्लीतल्या राजकीय गप्पांत त्याचा उल्लेख क्वचितच होतो. झालाच तर जी. के. मूपनार यांच्या निमित्ताने. १९९६ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडून तमिळ मानिल काँग्रेस स्थापन करणारे आणि पुढच्याच वर्षी पंतप्रधानपदाच्या चर्चेपर्यंत पोचून तेथेच थांबलेले मूपनार याच तालुक्यातल्या कपिस्थलमचे. संगीताच्या जाणकारांना पापनाशम शिवन यांच्यामुळे हे गाव ठाऊक असते. एरवी कावेरीच्या खोऱ्यातली भातशेती, देवळे आणि रेल्वेचे एक लहानसे स्थानक, एवढाच त्याचा पसारा.

गेल्या नवरात्रात प्रस्तुत लेखक येथे एका तंजावरी मराठी कुटुंबात पाहुणा होता. यजमान टपाल खात्यातून निवृत्त झालेले. घरात मराठी अजून बोलली जाते, जरी तिच्यात तमिळ शब्दांची भर इतकी की पुण्याच्या माणसाला चार वाक्यांनंतर थांबून विचारावे लागते. दिवाणखान्यात पायऱ्यापायऱ्यांचा बोम्मै कोलू मांडला होता. त्यात यंदा एक नवी बाहुली आली होती. गुरुग्रामला नोकरी करणाऱ्या सुनेने इंटरनेटवरून मागवून परस्पर पापनाशमच्या पत्त्यावर धाडलेली ‘अस्सल तंजावर नृत्यबाहुली’. तंजावर येथून पंचवीस किलोमीटरवर. सासऱ्यांना गावचीच वस्तू भेट द्यावी, एवढा साधा हेतू.

बाहुलीचे डोके हलत होते, हे खरे. परंतु तिचा घागरा हलक्या प्लास्टिकचा होता, रंग यंत्राने फवारलेला होता आणि नाक-डोळे कोणत्याच देशाचे नव्हते. यजमानांनी बाहुलीपेक्षा खोक्याकडे अधिक लक्ष दिलेले दिसले. चाळीस वर्षांची सवय. खोक्यावर सीएन २२ ही सीमाशुल्काची चिठ्ठी होती. परदेशातून टपालाने येणाऱ्या लहान पाकिटांवर जी चिकटवावी लागते, तीच. तिच्यावर वस्तूचे वर्णन ‘खेळणे, प्लास्टिक’ असे होते आणि नोंदवलेली किंमत सुनेने मोजलेल्या रकमेच्या पंचमांशही नव्हती. ज्या दुकानातून ती घेतली त्याच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट इन’ होते. किमती रुपयांत होत्या. मुखपृष्ठावर भारतीय कारागिरांना साह्य करण्याचे आवाहन होते. दूरध्वनी क्रमांक मात्र कोठेही नव्हता. सुनेला फसवणुकीची पहिली कुणकुण पार्सलाच्याही आधी, क्रेडिट कार्डाच्या हिशेबपत्रकातून लागली होती. रुपयांत दाखवलेली रक्कम तेथे परकीय चलनातून वळती होऊन आली होती आणि तिच्यावर बँकेने आपले शुल्क आकारले होते.

गोष्ट एका बाहुलीची आणि थोड्या रुपयांची आहे. तिच्यामागचा प्रश्न मात्र राजधानीतल्या किमान चार मंत्रालयांचा आहे, आणि चौघांपैकी प्रत्येकाला तो दुसऱ्याचा वाटतो.

‘डॉट इन’ ही अक्षरे भारताची आहेत असे आपण गृहीत धरतो. एका अर्थी ती आहेतच. प्रत्येक देशाला आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार दोन अक्षरांचे असे एक शेपूट मिळते. प्रारंभी या नावांची नोंदणी मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनसीएसटीकडे होती. नियम कडक होते. कंपन्यांसाठी ‘को डॉट इन’ असे, आणि ते मिळवायचे तर कंपनी भारतात नोंदलेली असल्याची कागदपत्रे दाखवावी लागत. परिणामी २००४ अखेरपर्यंत सात हजारांच्या आसपासच नावे नोंदली गेली होती. सॉफ्टवेअरची महासत्ता म्हणवणाऱ्या देशाला हा आकडा लाजिरवाणा वाटला. ऑक्टोबर २००४ मध्ये, दयानिधी मारन माहिती तंत्रज्ञान मंत्री असताना, नवे धोरण जाहीर झाले. नोंदणीचे काम नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, अर्थात निक्सी या ना-नफा कंपनीकडे आले आणि २००५ च्या प्रारंभी दार सताड उघडले. तेव्हापासून जगातील कोणीही, कोठूनही, काही शे रुपयांत ‘डॉट इन’ घेऊ शकतो. भारतात कार्यालय असण्याची अट नाही, माणूस असण्याची नाही, माल असण्याचीही नाही.

हा निर्णय चुकीचा होता असे सरसकट म्हणता येणार नाही. नावांची संख्या आज चाळीस लाखांच्या पलीकडे गेली आहे. पुण्या-नाशिकच्या लहान उद्योजकाला आपले संकेतस्थळ एका दुपारी उभारता येते, ते या खुलेपणामुळेच. शिवाय इंग्रजीत ‘इन’ हा शब्दच असल्याने काही परदेशी कंपन्यांनी निव्वळ शब्दखेळासाठी हे शेपूट घेतले. लिंक्डइनच्या लघुपत्त्याचा शेवट ‘डॉट इन’ असतो, त्यात भारतीय असल्याचा आव मुळीच नाही. उणीव राहिली ती अशी की दार उघडताना पाटीचा अर्थ बदलला आणि ते कोणी लोकांना सांगितले नाही. सामान्य ग्राहकाच्या मनात ‘डॉट इन’ म्हणजे भारतातले दुकान, हा जुन्या कडक नियमांच्या काळातला अर्थ तसाच राहिला. त्याच अर्थावर आता परक्यांचा धंदा चालतो.

येथे एक भेद आधीच केला पाहिजे, अन्यथा टीकेचे बाण भलतीकडे जातील. अमेरिकेच्या ॲमेझॉनने ५ जून २०१३ रोजी ‘डॉट इन’ने संपणारे दुकान उघडले. ती कंपनी परकी आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिच्या भारतीय उपकंपन्या नोंदलेल्या आहेत, तिला नोटीस बजावता येते, दंडही करता येतो. वस्तूचा मूळ देश न दाखवल्याबद्दल २०२० मध्ये तिला पंचवीस हजार रुपयांचा दंड झाला होता. एवढ्या मोठ्या कंपनीला पंचवीस हजार हा दंड की चहापाणी, हा वेगळा विषय. त्याही आधी, २००४ मध्ये ईबेने मुंबईची बाझी विकत घेतली आणि पुढे भारतीय शेपटासह २०१७ पर्यंत दुकान चालवले. सिंगापूरची शॉपी २०२१ च्या अखेरीस आली आणि मार्च २०२२ मध्ये, सहा महिन्यांच्या आत, गाशा गुंडाळून गेली. या सर्वांवर आक्षेप घेता येतील, परंतु त्यांचा मालक कोण हे लपलेले नव्हते. पापनाशमची बाहुली विकणारे दुकान निराळ्या जातीचे. त्याला भारतात ना कंपनी, ना गोदाम, ना कर क्रमांक. भारतात त्याचे एकच आहे: नाव.

या विषयाची राजकीय बाजू समजून घ्यायची तर डिसेंबर २०१२ आठवावा. किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला मनमोहन सिंग सरकारने परवानगी दिली होती. तृणमूल काँग्रेस सरकारातून बाहेर पडली होती. सुषमा स्वराज यांचा विरोधी ठराव लोकसभेत आला, दोन दिवस वादळी चर्चा झाली, आणि ५ डिसेंबरला २५३ विरुद्ध २१८ मतांनी सरकार वाचले. समाजवादी पक्ष व बहुजन समाज पक्ष यांनी सभात्याग केला म्हणून. त्या निर्णयात एक महत्त्वाची तरतूद होती. परकीय दुकान आपल्या हद्दीत येऊ द्यायचे की नाही, हे प्रत्येक राज्याने ठरवायचे. महाराष्ट्राने होकार दिला. तामिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललिता यांनी आपल्या राज्यात अशी दुकाने उघडू देणार नाही, असे ठणकावले. म्हणजे पापनाशमच्या बाजारपेठेत परकीय दुकानाला विटांची भिंत उभारण्यास राज्याची मनाई होती. त्यानंतर सहा महिन्यांत संगणकाच्या पडद्यावरून दुकाने थेट घरात आली. त्या वेळी ना लोकसभेत मतविभाजन झाले, ना कोणत्या राज्याला विचारले गेले. ज्या नावाने ती आली, त्याच्या नोंदणीत राज्याच्या संमतीला जागाच नाही.

पुढे केंद्राने नियम केले नाहीत असे नाही. उलट ते पुष्कळ केले; ते सारे कंपनीला, पैशाला किंवा मालाला लागू होतात. मार्च २०१६ च्या प्रसिद्धिपत्राने परकीय भांडवलाच्या ऑनलाइन कंपन्यांना केवळ बाजारपेठ चालवण्याची मुभा दिली, स्वतःचा माल विकण्याची नाही. डिसेंबर २०१८ च्या प्रसिद्धिपत्राने ती चौकट १ फेब्रुवारी २०१९ पासून आणखी आवळली. डिसेंबर २०१९ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने ‘भेटवस्तू’ म्हणून येणारी आयात बंद केली, कारण पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटीला असलेली सूट परदेशी संकेतस्थळांनी धंद्याचे साधन बनवली होती. त्यातून दोनच अपवाद ठेवले गेले: जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीला अपवाद करणारा अधिकारी कोण होता कळत नाही, पण परदेशी राहणाऱ्या बहिणी त्याला दुवा देत असतील.

खेळण्यांच्या बाबतीत तर सरकारने किल्लाच बांधला. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचे आयातशुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोच्या चिन्हावाचून खेळणे विकणे बेकायदा ठरले. हस्तकला कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन लाभलेल्या वस्तूंना त्यातून समंजसपणे वगळण्यात आले. तंजावरच्या बाहुलीला असे मानांकन मिळून दीड दशक उलटले आहे. म्हणजे कागदावर पाहिले तर तंजावर शहरातल्या आणि लगतच्या पुन्नैनल्लूरच्या बाहुलीकाराभोवती तीन तटबंद्या आहेत: मानांकनाची, शुल्काची आणि मानकाची. (पुन्नैनल्लूरच्या मारिअम्मनचे देऊळ व्यंकोजीराजांनी बांधल्याचे सांगतात, मराठी वाचकाला हे ठाऊक असलेले बरे.) तरीही प्लास्टिकची बाहुली तिन्ही तट ओलांडून पापनाशमच्या कोलूवर येऊन बसली. ती आली टपालाच्या लहान पाकिटातून, कमी किंमत लावून, आणि ग्राहकाच्या संमतीने. कारण ग्राहकाला आपण आयात करीत आहोत हेच माहीत नव्हते.

हा मुद्दा अधिकारी वाचकांनी जरा थांबून पाहावा. टपालाने किंवा कुरियरने वैयक्तिक वापरासाठी येणाऱ्या वस्तूंना सीमाशुल्काच्या तक्त्यात ९८०४ हे स्वतंत्र शीर्ष आहे. अशा आयातीत कायद्याच्या दृष्टीने आयातदार तो, ज्याच्या नावे पार्सल येते. ओळखपत्र त्याच्याकडे मागितले जाते, शुल्क त्याने भरायचे, आणि किंमत खोटी नोंदवलेली आढळली तर माल त्याचा अडतो. विकणारा परदेशात निवांत असतो. सुनेने समजून-उमजून परदेशी दुकानातून खरेदी केली असती तर ही जबाबदारी तिने पत्करली असे म्हणता आले असते. ‘डॉट इन’ पाहून तिने ती पत्करली नव्हती. नावाने तिला देशी ग्राहक समजून आत घेतले आणि पावतीने आयातदार करून बाहेर सोडले.

मग दाद कोठे मागावी? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक चांगली सोय केली: ग्राहक आपण राहतो तेथल्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. पापनाशमच्या रहिवाशाला तंजावरच्या जिल्हा आयोगात जाता येईल, सुनेला गुरुग्रामच्या. जुलै २०२० चे ई-कॉमर्स नियम तर भारतात स्थापन न झालेल्या, पण भारतीय ग्राहकाला पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या दुकानांनाही लागू आहेत. विक्रेत्याचे नाव-पत्ता, मूळ देश, तक्रार अधिकारी, त्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे, सारे लिहिलेले आहे. नियम उत्तम आहेत. नोटीस कोणाच्या पत्त्यावर पाठवायची, एवढाच प्रश्न उरतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना दिल्ली उच्च न्यायालयातल्या एका गमतीदार प्रथेची आठवण होते. अज्ञात प्रतिवादीविरुद्ध दावा लावायचा झाल्यास आपल्याकडे त्याला ‘अशोककुमार’ म्हणतात. इंग्रजी न्यायपरंपरेतल्या जॉन डोचा हा भारतीय अवतार. बनावट संकेतस्थळांविरुद्धच्या कित्येक खटल्यांत मोठमोठ्या कंपन्या या अशोककुमारांशी भांडत आहेत. कंपन्यांना ते परवडते. पुन्नैनल्लूरच्या बाहुलीकाराने मानांकनाच्या हक्कासाठी चेन्नईला किंवा दिल्लीला जाऊन कोणत्या अशोककुमाराला शोधावे?

नावांच्या तंट्यासाठी निक्सीची स्वतःची लवाद पद्धती आहे, २००५ पासूनची. परंतु तिच्या दारात उभे राहण्यासाठी त्या नावावर आपला व्यापारचिन्हाचा किंवा तत्सम हक्क असावा लागतो. फसलेल्या ग्राहकाला तेथे उभेही राहता येत नाही. यामागे इतिहास आहे. भारतातले डोमेन नावांचे पहिले गाजलेले खटले १९९९ चे. दिल्लीत अमेरिकेच्या याहूने ‘याहू इंडिया’ नावाचे संकेतस्थळ काढणाऱ्या भारतीयाविरुद्ध दाद मागितली आणि मिळवली. मुंबईत रेडिफने एका अक्षराच्या फरकाने आपली नक्कल करणाऱ्याला रोखले. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळते, यावर शिक्कामोर्तब केले. सारी विचारसरणी एकाच भीतीतून घडली: कोणी आपल्या कंपनीचे नाव चोरेल. कोणी आपल्या देशाचे नाव उसने घेईल, ही शंका त्या काळी कोणाच्या मनात आली नसावी. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानदारांच्या तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी प्रसिद्ध केली. खोटी घाई निर्माण करणे, टोपलीत गुपचूप वस्तू घालणे, शेवटी शुल्क वाढवणे, असे पुष्कळ तीत आहे. देशी असल्याचे भासवणे त्या तेरांत नाही.

परक्या व्यापाऱ्याने स्थानिक वेष घेण्यात नवीन काही नाही, हा युक्तिवाद या विषयावर बोलताना हमखास ऐकू येतो. तो ऐकून घेण्याजोगा आहे. ईस्ट इंडिया कंपनी १८३५ पर्यंत आपले रुपये मोगल बादशहाच्या नावाने पाडत होती. तंजावरचे भोसले स्वतः तरी कोण? पुण्या-बंगळूरकडून आलेले मराठी सरदार. शहाजीराजांनी तेलुगू-तमिळ नाटके लिहिली, सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला, आणि आज ‘तंजावरची’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रकलेची भरभराट त्यांच्याच आश्रयाने झाली. परंतु भोसले येथे राहिले. त्यांचे हिशेब मोडी कागदांत अजून सापडतात, त्यांच्याकडे फिर्याद घेऊन जाता येत होते.

याहून चपखल दाखला पूर्वेकडच्या किनाऱ्यावर तरंगमबाडीला आहे. १६२० मध्ये डेन्मार्कचे व्यापारी तेथे उतरले ते तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून. किल्ला बांधला, त्यावर आपला झेंडा लावला आणि दरसाल ठरलेली रक्कम तंजावरला पोचती केली. नायक गेले, मराठे आले, तरी ती चालू राहिली. रक्कम थकली की दरबाराला तगादा लावता येत होता, कारण देणेकरी कोण व कोठे बसतो हे माहीत होते. तो परका होता आणि परका म्हणूनच व्यापार करीत होता. त्याला जागेचे मोल द्यावे लागे. आजच्या दुकानदाराला तंजावरचे आणि भारताचे अशी दोन्ही नावे वर्षाकाठी काही शे रुपयांत मिळतात, आणि झेंडाही लावावा लागत नाही.

इतर देश काय करतात? कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया आपल्या शेपटासाठी त्या देशाशी प्रत्यक्ष संबंध मागतात. अमेरिकाही ‘डॉट यूएस’साठी मागते, खुल्या बाजारपेठेचे प्रवचन देणाऱ्या देशाबद्दल हे लक्षात ठेवावे. युरोपीय संघाने ब्रिटन बाहेर पडताच जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटिश मालकांची हजारो ‘डॉट ईयू’ नावे निलंबित केली. चीनने २००९ च्या अखेरीस ‘डॉट सीएन’ला व्यवसायाचा परवाना जोडायला लावला. तरीही नावाची अट हा रामबाण नाही, हे ऑस्ट्रेलियाच्याच अनुभवावरून दिसते. तेथल्या स्पर्धा व ग्राहक आयोगाला २०२५ मध्ये ‘भूत दुकानां’बद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. मेलबर्न किंवा सिडनीचे घरगुती दुकान बंद होत असल्याची करुण कहाणी सांगून परदेशी स्वस्त माल विकणारी ही संकेतस्थळे. त्यांनी देशाचे शेपूट न घेता नावातच शहर घातले होते. ज्याला फसवायचेच आहे तो दुसरी वाट शोधतो. असे असले तरी सरकारने स्वतःच्या नावाने दिलेली पाटी त्याच्या हाती का द्यावी, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

आपल्याकडे हे जमणारच नाही असे म्हणायला आता जागा राहिलेली नाही, आणि याचे श्रेय रिझर्व्ह बँकेकडे जाते. बनावट बँक संकेतस्थळांचा उपद्रव वाढल्यावर तिने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘बँक डॉट इन’ ही राखीव नावकक्षा जाहीर केली. नोंदणी हैदराबादच्या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेकडे दिली आणि सर्व बँकांना ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत तेथे स्थलांतर करायला सांगितले. त्या शेपटाखाली बँक नसलेल्या कोणालाही नाव मिळत नाही. सरकारी खात्यांचे ‘गव्ह डॉट इन’ पूर्वीपासून असेच सुरक्षित आहे. म्हणजे ‘डॉट इन’च्याच घरात दोन खोल्यांना कुलपे आहेत. दुकानांच्या खोलीला मात्र नाही.

ती खोली नव्याने बांधण्याचीही गरज नाही. ‘को डॉट इन’ जुहूच्या काळात भारतीय कंपन्यांसाठीच होते. ते पुन्हा तसे करावे. कंपनी, भागीदारी किंवा जीएसटी क्रमांक असलेला एकल विक्रेता, यांनाच ते मिळावे आणि क्रमांक नोंदणीच्या वेळीच पडताळला जावा. साधे ‘डॉट इन’ खुलेच राहू द्यावे. अमेरिकेत दिवाळीचा फराळ विकणारी मराठी गृहिणी किंवा सिंगापूरला स्थायिक झालेला स्वामिमलईच्या मूर्तिकाराचा पुतण्या यांना त्या नावापासून तोडण्याचे कारण नाही. पण अशा नावावरून भारतीय ग्राहकाकडून रुपयांत पैसे घ्यायचे असतील, तर पैसे वळते करणाऱ्या मध्यस्थाने खरेदीपूर्वीच पडद्यावर सांगावे: विक्रेता अमुक देशातला आहे, ही आयात आहे, शुल्क तुम्हाला भरावे लागेल. नोंदणीदाराचा देश नोंदणीच्या दप्तरात असतोच. तो ग्राहकाच्या डोळ्यांपुढे आणणे, एवढेच काम.

हे काम अडते कोठे? निक्सी इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाच्या छत्राखाली येते आणि नावांची संख्या वाढणे हे तिच्या यशाचे माप आहे. कडक पडताळणी म्हणजे घटती विक्री. ई-कॉमर्सचे धोरण वाणिज्य मंत्रालयाकडे, आणि त्याचा फेब्रुवारी २०१९ चा मसुदा परकीय ॲप व संकेतस्थळांनी भारतात नोंदणीकृत संस्था ठेवावी असे स्पष्ट सुचवूनही वर्षानुवर्षे मसुदाच राहिला. फसवणूक ग्राहक व्यवहार खात्याची, पार्सल सीमाशुल्काचे, पैसे रिझर्व्ह बँकेचे. मानांकनाची नोंदवही चेन्नईत. २०२० मध्ये सीमेवरच्या संघर्षानंतर जून ते नोव्हेंबर या काळात चिनी खरेदी ॲपवर एकामागून एक बंदी आली, तेव्हा ही सर्व खाती काही आठवड्यांत एका दिशेने चालली होती. तशी निकड बाहुलीच्या वाट्याला येत नाही.

तंजावरच्या कारागिराजवळ भांडवल म्हणून ‘तंजावर’ हा एकच शब्द आहे. स्वामिमलईच्या मूर्तिकाराचे, कोल्हापूरच्या चर्मकाराचे, येवल्याच्या पैठणी विणकराचे तेच. लगदा, चुना, रंग कोठेही मिळतात. गावाचे नाव मिळत नाही, म्हणून मानांकनाचा कायदा झाला. खऱ्या बाहुलीचे भाग सुटे घडवायचे, वाळवायचे, घासायचे, हाताने रंगवायचे आणि मग काट्यावर तोल साधत एकावर एक ठेवायचे, यात दिवस जातात. प्लास्टिकची बाहुली त्याच नावाने आधी ग्राहकापर्यंत पोचली की खरी महाग वाटू लागते. तंजावरच्या बाजारात या बाहुल्या विकणाऱ्या एका दुकानदाराने सांगितले की हल्ली परगावचे गिऱ्हाईक मोबाइलवर चित्र दाखवून विचारते, ही एवढ्यात मिळते, तुम्ही दुप्पट कसे सांगता? चित्र बहुतेक वेळा त्याच्याच दुकानातल्या बाहुलीचे असते.

यजमानांनी बाहुली परत पाठवण्याचा प्रयत्न केला होता. संकेतस्थळावर परताव्याची तीस दिवसांची हमी होती. विचारणा केल्यावर चार दिवसांनी उत्तर आले, त्यात परतीचा पत्ता परदेशातला होता आणि टपालखर्च ग्राहकाने सोसावा असे लिहिले होते. निवृत्त टपाल अधिकाऱ्याने दर काढून पाहिला. बाहुलीच्या किमतीहून तो अधिक भरला. आता ती कोलूच्या सर्वांत खालच्या पायरीवर, किराणा दुकानाच्या मांडणीतल्या चेट्टियार जोडप्याशेजारी उभी आहे आणि पंखा लावला की मान हलवते. सुनेला अजून काही कळवलेले नाही.